टाइल नंबर दोनशे पंचावन्न

प्रिय ठिपक्या,

अक्षर ओळखलंस ना? नसशील ओळखलं तर पाकीट उलटं करून बघ, पाठवणाऱ्याच्या जागी नाव नाही, नुसती एक रेघ ओढली आहे. एकोणीस वर्षांनी पत्र, आणि तेही हाताने लिहिलेलं, म्हणजे बाई एक तर अंथरुणाला खिळली असणार नाहीतर देवाधर्माला लागली असणार, असं तुला वाटेल. तसलं काही नाही. केस पिकलेत ते रंगवते, चष्मा लागलाय तो कुठेतरी ठेवून विसरते, पण जीभ आहे तशीच आहे आणि ऑफिसातली पोरं अजून मला टरकून असतात. तुझा पत्ता आपल्या गेमच्या विक्रीच्या कागदावर मिळाला. तू तुझा अर्धा हक्क एका सहीत सोडून दिलास म्हणे, एक शब्द न विचारता. तुझा स्वभाव काही बदलला नाही. असंही कळलं की तू आता बसथांब्यांवरचे ते लाल दिव्यांचे बोर्ड बसवतोस, अक्षरं सरकत जाणारे. हसले मी. शेवटी ठिपक्यांतच रमलास. असो. मला तुझ्याकडून एक उत्तर हवंय आणि ते शुक्रवारच्या आत हवंय. शुक्रवारी संध्याकाळी मला गेमची फाइल द्यायची आहे, आणि त्या फाइलमध्ये फरशीखाली कोणीतरी आहे. तिला झाकायचं की तसंच राहू द्यायचं, हे मी एकटीने ठरवणार नाही.

आधी बातमी सांगते. आपला गेम पुन्हा निघतोय, आणि त्याच्या सगळ्या टाइल्स नव्याने काढायचं काम माझ्याकडे आलंय. आपण तो केला तेव्हा तो खोक्याएवढा मॉनिटर होता, आठवतं? सोळा बाय सोळा ठिपक्यांची एक टाइल, अशा दोनशे छप्पन्न टाइल्स, आणि त्याच पुन्हा पुन्हा लावून अख्खं गाव उभं केलं होतं. एकच फरशी नऊशे वेळा, एकच खिडकी दोनशे वेळा. आता आमच्या साहेबांना तोच गेम मनगटावरच्या घड्याळापासून भिंतीएवढ्या पडद्यापर्यंत सगळीकडे चालायला हवाय. मी त्यांना बसवून समजावलं, की ठिपक्यांचं चित्र मोठं केलं की ठिपकाच मोठा होतो, गालाच्या जागी जिना दिसतो. आणि दुप्पट, तिप्पट असं पूर्ण पटीत वाढवलं तरच ते टिकतं, दीडपट केलं की सगळं फिसकटतं. व्हेक्टर म्हणजे रेघेचं गणित. हा बिंदू, तो बिंदू, मधे एवढा बाक; मग कितीही ताणा, कड गुळगुळीतच राहणार. साहेब म्हणाले, मग रेघाच काढा की. झालं! आपण दोन वर्षं ज्याच्यावरून भांडलो त्याचा निकाल एका मिनिटात लागला, आणि तोही माझ्या बाजूने. तुझं तोंड बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

ते भांडण मला तेव्हा आवडायचं, निदान सुरुवातीला. तू म्हणायचास, ठिपका काही सांगत नाही, तो जागा सोडतो. चार ठिपक्यांचा माणूस काढला तर बघणारा त्यात आपलाच माणूस बघतो. मी म्हणायचे, चार ठिपक्यांचा माणूस म्हणजे चपलेखाली आलेलं झुरळ. रेघ काढायला धमक लागते, नाक कुठे संपतं ते ठरवावं लागतं. गेले चार महिने मी तेच करतेय, ठरवतेय. विहिरीच्या काठाला तू तीन करडे ठिपके टाकलेस ते शेवाळ की भेग? दारावरचा पिवळा ठिपका कडी की भोक? तुझ्या नावाने बोटं मोडत एकेक टाइल काढली. एकही गाळायची नाही हा आपला नियम मी पाळला, कारण एक काढली की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतात आणि झाडाच्या जागी दार उगवतं. शून्यापासून ओळीने शेवटपर्यंत आले. शेवटची, दोनशे पंचावन्न, माझ्या आठवणीत कोरी होती. ती कोरी नव्हती. खालच्या कडेला मधोमध एक ठिपका होता. एकच. मला वाटलं घाण आहे. जुन्या फाइलींत असे भटके ठिपके राहून जातात, तुलाही माहीत आहे. पुसणारच होते, पण नियम म्हणजे नियम, जे आहे ते काढायचं. आता एका ठिपक्याची रेघ कशी काढणार? तो काय आहे हे ठरवल्याशिवाय व्हेक्टर होतच नाही. पाच वाजलेले, चहा गार झालेला, डोकं शिणलेलं. ठिपक्याचा रंग माणसाच्या कातडीसारखा होता, म्हणून गंमत म्हणून एक बाहुली काढली. खाली थेंब, वर गोल डोकं. ना डोळे, ना हात, ना पाय. दोन मिनिटांचं काम. मी फक्त एवढंच काढलंय, शपथ. पुढचं वाचताना हे लक्षात ठेव.

आमच्याकडे कोड बघणारी एक पोरगी आहे, तिला सगळे चष्मेवाली म्हणतात. तुझा जुना कोड तिने झटून नव्या मशीनवर चालता केला. माझ्या टाइल्स त्यात घालून आम्ही पहिल्यांदा गेम लावला तो मीटिंगच्या खोलीतल्या मोठ्या पडद्यावर, भर दुपारी बारा वाजता. गाव असं काही दिसलं म्हणून सांगू, माझाच ऊर भरून आला. पण जवळ जाऊन बघितलं तर टाइल्सच्या मधे फटी. केसाएवढ्या. रेघेच्या टाइल्स अर्ध्यामुर्ध्या मापाला ताणल्या की शेजारशेजारच्या कडा नीट मिटत नाहीत आणि मधून खालचं दिसतं. ही अडचण सगळ्यांना येते आणि उपायही सोपा आहे: प्रत्येक टाइल केसभर मोठी करायची, म्हणजे एकीची कड दुसरीवर चढते. अर्ध्या तासाचं काम. फटी कुठे जास्त आहेत ते बघावं म्हणून मी माझ्या खेळाडूला घरात नेलं आणि पुढच्या खोलीतून आतल्या खोलीकडे चालवायला लागले. फरशीखाली आपण काहीच ठेवलं नव्हतं, तेव्हा फटी काळ्या दिसायला हव्यात. काळ्याच होत्या. फक्त माझ्या खेळाडूच्या मागच्या एका फरशीभोवती काळ्या नव्हत्या. तिथे कातडीचा रंग होता. मी थांबले, तो थांबला. मी एक फरशी पुढे गेले, तोही एक फरशी पुढे सरकला. खोलीत आठ माणसं होती, बाहेर लख्ख ऊन होतं, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

चष्मेवालीने लगेच फरशीचा थरच बंद करून दाखवला. खाली काळोख, आणि माझ्या खेळाडूच्या मागे माझीच बाहुली ढिम्म उभी. थेंब आणि डोकं. फक्त चांगली मोठी. ती म्हणाली, सरांनी, म्हणजे तू, फरशीखाली एक टाइल ठेवली आहे, ती खेळाडूच्या एक पाऊल मागे चालते आणि कॉम्प्युटरच्या तारखेप्रमाणे मोठी होत जाते. कशासाठी ते कळत नाही. जुन्या गेममध्ये ती दिसणं शक्यच नव्हतं, ठिपक्यांच्या फरश्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. म्हणजे इतकी वर्षं ज्याने ज्याने आपला गेम खेळला, त्या प्रत्येकाच्या मागे कोणीतरी फरशीखालून चालत होतं आणि कोणाला पत्ता नव्हता. तरी कारण कळलं म्हणून माझा जीव भांड्यात पडला. मग तिने फरशी परत चढवली, मी खेळाडूला पुन्हा चालवलं, आणि फटींमधून जी दिसली ती बाहुली नव्हती. तिला पाय होते. कुंपणापलीकडून माणूस चालत जाताना फळ्यांच्या मधून जसा तुकड्यातुकड्याने दिसतो तशी ती दिसत होती. एक खांदा. वेणीचं टोक. कोपर. चालताना डावं पाऊल किंचित आत टाकत होती. तसं कोण चालतं हे मी तुला सांगायला नको, तुझे डाव्या पायाचे बूट आतल्या बाजूनेच झिजायचे.

मी चष्मेवालीला हाताला धरून पडद्याशी नेलं. तिने बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. मग म्हणाली, मॅडम, कडा थरथरतात ना, म्हणून हलल्यासारखं वाटतं. असेल बाई, म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी तीच येऊन म्हणाली, की घराचा भाग तपासायचा असेल तर तुम्ही शेजारी बसा, मी एकटी नाही बसणार. आम्ही दोघी मग रोज दुपारी बसायला लागलो. खेळाडूला तसंच सोडून जेवायला गेलो आणि परत आलो, की ती मागच्या फरशीखाली नसायची. शोधावी लागायची. आणि दर वेळी एकाच ठिकाणी सापडायची, आतल्या खोलीत खिडकीखालच्या कोपऱ्यात. ते घर आपण आपल्या भाड्याच्या दोन खोल्यांवरूनच बेतलं होतं, आणि तो कोपरा मोकळा ठेवला होता, कारण खऱ्या खोलीतही तो मोकळा ठेवलेला होता. तिथे पाळणा यायचा होता. चष्मेवालीला यातलं काही माहीत नाही. तिने नुसतं विचारलं, की सगळ्या घरात सामान आहे, मग हाच एक कोपरा रिकामा कसा? मी म्हटलं, राहून गेलं काढायचं.

त्यात आणखी छपाईवाल्याने भर घातली. साहेबांना पुढच्या दालनात लावायला आपल्या गावाचा भिंतीएवढा नकाशा हवा होता. मी फाइल तयार केली ती फक्त वरच्या थराची. फरशी, भिंती, झाडं. खालचा थर त्या फाइलमध्ये नव्हताच, मी तीनदा तपासलं, कारण मीही काही वेडी नाही. छपाईवाला माणूस चांगला आहे, वर्षानुवर्षं काम देते त्याला, फुकटचं बोलत नाही. सकाळी अकराला त्याच्याकडे गेले तर कागद टेबलावर पसरलेला आणि हा डोकं खाजवत उभा. म्हणाला, सगळं फक्कड आलंय ताई, फक्त ती मुलगी ठेवायची आहे ना? मी विचारलं, कुठली मुलगी? त्याने बोट ठेवलं. आतली खोली, खिडकीखाली. फरश्यांच्या मधे कातडीच्या रंगाच्या बारीक बारीक रेषा, आणि जरा लांब उभं राहून डोळे किलकिले केले की त्या रेषांतून एक मुलगी उभी राहत होती. पाठमोरी. मी त्याला म्हटलं, छपाईत दोष आहे, पुन्हा काढ. त्याने काढलं. तिथेच होती, फक्त आता पाठमोरी नव्हती. तोंड मला नीट दिसलं नाही, फरशीच्या मधोमध आलं होतं. दोन्ही कागद मी गुंडाळून घरी आणलेत, कपाटाच्या वर ठेवलेत, आणि त्या खोलीत मी आता झोपत नाही.

तो रंग मला कुठेतरी खटकत होता, आणि मग आठवण आली ती रागासकट आली. आपल्याकडे सगळे मिळून सोळाच रंग होते. तेव्हा तेवढेच मिळायचे, आणि आपण एकेका रंगावरून बाजारात घासाघीस करावी तसे झगडायचो. माझा एक जांभळा होता, दिवेलागणीच्या आभाळाचा. गेम पुरा करायच्या शेवटच्या आठवड्यात तू तो न विचारता काढून टाकलास आणि त्या जागी एक लालसर तपकिरी घातलास, जो गेममध्ये कुठेही दिसत नव्हता. केवढी भडकले होते मी! माझं आभाळ काढून तू काय घातलंस म्हणून विचारलं, तर तू परत कीबोर्डकडे वळलास. तो रंग फक्त दोनशे पंचावन्न नंबरच्या टाइलमध्ये आहे. एका ठिपक्यासाठी. आता तो रंग मी चष्मा लावून, नीट, पडद्यावर अख्खा पसरून बघितला. अंगाचा रंग आहे तो. नुकत्याच जन्मलेल्या, वेळेआधी जन्मलेल्या मुलीच्या अंगाचा.

इतकी वर्षं आपण दोघांनी तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही, तर आता मीच काढते. आपली मुलगी चार दिवस जगली. मी पहिल्या मजल्यावर, टाके, ताप, उठायची बंदी. ती तिसऱ्या मजल्यावर काचेच्या पेटीत. मला कोणी वर नेलं नाही. उद्या, उद्या म्हणत राहिले. तू संध्याकाळी यायचास, डोळे लाल, आणि एकदा विचारलं की दिवसभर कुठे होतास, तर म्हणालास, एक टाइल पुरी करत होतो. ते वाक्य मी कधी विसरले नाही. चौथ्या दिवशी ती गेली तेव्हा तू कॉम्प्युटरसमोर होतास. पुढचे पाच महिने मी तुझ्या पाठीकडे बघत काढले, आणि मग एक दिवस बॅग भरून जिन्यात उभी राहिले आणि सगळ्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, की तू तिला एकदासुद्धा हातात घेतलं नाहीस, तू कसला बाप? तू दारात उभा होतास. काही बोलला नाहीस. मला वाटलं, बोलायला तोंडच नाही याला.

गेल्या आठवड्यात चष्मेवालीने मला कोडमधला एक तक्ता दाखवला. अठरा आकडे, अठरा वर्षांचे. त्या टाइलने कुठल्या वर्षी केवढं व्हायचं ते. सूत्र घालून काढलेले नव्हेत, एकेक विचार करून टाइप केलेले. पहिली दोन वर्षं भराभर, मग हळू, मग तेराव्या वर्षी एकदम मोठी उडी. मुली तशाच वाढतात. अठराव्या वर्षी ती माझ्या खेळाडूच्या कानापर्यंत येते आणि तिथे तक्ता संपतो. चष्मेवाली म्हणते, तक्ता संपला की शेवटचाच आकडा कायम राहतो, म्हणजे गेल्या वर्षापासून ती वाढायला नको. फरशी काढून बघितलं तर बाहुली खरंच तेवढीच आहे. पण फटींतली मी रोज मोजते, पट्टी धरून. मागच्या गुरुवारी ती माझ्या खेळाडूच्या डोक्याबरोबर होती. शनिवारी बोटभर वर. तुमच्या घरात सगळे ताडमाड, तिने तेच उचललेलं दिसतंय. हे लिहिताना मला भीती वाटतेय आणि हसूही येतंय, आणि दोन्ही खरं आहे.

आणि तक्त्याच्या वर एक ओळ आहे. चालणारा कोड नाही, तुम्ही लोक स्वतःसाठी लिहून ठेवता तसली नोंद. तिच्या तिसऱ्या दिवशीची तारीख. चष्मेवालीला वाटलं काही तांत्रिक असेल, म्हणून तिने मोठ्याने वाचली, ऑफिसात, सगळ्यांच्या देखत. आज नर्सने हातात दिली. वजनच नाही. एक पिक्सेल. आणि त्याच्याखाली, हिला सांगायचं नाही, हिला अजून बघूही दिलेलं नाही. मी तिथून उठले ती सरळ बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. तू घेतली होतीस. मी घेतली नव्हती, ठिपक्या. मला ती मिळाली नाही, आणि ते मी तुझ्या अंगावर फेकलं, जिन्यात उभी राहून, आणि तू घेतली होतीस तरी ऐकून घेतलंस, कारण 'मी घेतली होती' असं तू म्हणाला असतास तर मी तिथेच कोसळले असते. एवढं कळायला मला एकोणीस वर्षं लागली आणि तेही एका परक्या पोरीच्या तोंडून कळलं. माझं चुकलं. साधं चुकलं नाही, फार वाईट चुकलं.

आता मी हे का लिहितेय ते. सोमवारपासून ती माझ्या मागे येत नाही. खिडकीखालीही नाही. मी अख्खं गाव पालथं घातलं, आणि काल दुपारी ती सापडली ती फाटकाजवळच्या फरशीखाली. आपला गेम दोघांनी खेळायचा होता, एकाच कीबोर्डवर, उजवीकडची बटणं माझी आणि डावीकडची तुझी. पण इथे सगळे एकेकटेच खेळून बघतात, दुसरा खेळाडू कोणी सुरूच केलेला नाही. तो सुरू होतो ती जागा म्हणजे फाटकाजवळची ती फरशी. कालपासून ती तिथेच मान वर करून उभी आहे. चष्मेवाली म्हणाली, मॅडम, दुसरा खेळाडू लावून बघू का? मी तिचा हात धरला. ती डावीकडची बटणं चष्मेवालीसाठी नाहीत आणि माझ्यासाठीही नाहीत, ती तुझी. शुक्रवारी संध्याकाळी टाइल्सच्या कडा एकमेकींवर चढवल्या की सगळं मिटेल, नाहीतर सगळं चित्र पुन्हा ठिपक्यांत उतरवून दिलं तरी मिटेल, आणि मग ती कोणाला कधीच दिसणार नाही. झाकायचं असेल तर तू झाक, मी हरकत घेणार नाही. पण आधी ये. मीटिंगची खोली मी शुक्रवारी सकाळपासून अडवून ठेवली आहे, पत्ता पाकिटावर त्या रेघेखाली आहे. माझ्यामागे ती इतकी वर्षं चालली ती तू चालवलीस म्हणून. मला तिने कधी बघितलंच नव्हतं. तुला बघितलं होतं, ठिपक्या. ती तुला ओळखते.

तुझीच म्हणवून घ्यायचा हक्क उरलाय की नाही, ते आल्यावर सांग,

रेघ